विहिरीचा कागद

विजू गेली तो मंगळवार होता. सकाळी सव्वानऊला तिच्या मुलीचा फोन आला. मी दवाखान्यात न्यायचा डबा भरत होतो. फोन ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

विजू माझी धाकटी बहीण. त्यानंतरचे दिवस लोक भेटायला येत राहिले आणि म्हणत राहिले, तुम्हा दोघांचं किती होतं हो, असे बहीणभाऊ हल्ली दिसत नाहीत. मी खाली बघून ऐकलं. चहा दिला. त्यांतल्या एकालाही मी हे सांगितलं नाही. बायकोलाही नाही. विजूला तर नाहीच — आणि ती होती तोवर सांगता आलं असतं, कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. आता तुम्हाला सांगतो आहे. लिहायला बसून आठवा दिवस आहे आणि अजून मी कडेकडेनेच फिरतो आहे.

आधी ते घर सांगतो.

जुन्या नाशकात महापालिकेच्या मालकीचं एक घर आहे. लोक त्याला सागाचं घर म्हणतात. लाकडाच्या एका व्यापाऱ्यानं पेठ-सुरगाण्याच्या बाजूनं बैलगाड्या भरभरून साग आणला आणि ते बांधलं. मूलबाळ नव्हतं, म्हातारपणी घर नगरपालिकेच्या नावे करून दिलं. खाली वाचनालय, वर कुलूप लावलेल्या खोल्या, मागे खांबांची लांब पडवी आणि तिच्यापलीकडे मोकळं आवार. त्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होतो. इतिहासात एम.ए. केलं होतं, पुढे काही संशोधन करावं असं मनात होतं. ते राहिलं. मग मी त्या घराचाच इतिहास गोळा करू लागलो. जुनी दप्तरं सोडून वाचली, चोवीस पानांची एक पुस्तिका लिहिली. शाळांच्या सहली यायच्या, तेव्हा मुलांना मागच्या पडवीत नेऊन सांगायचो — हे आठ खांब बघा, आठही एकाच झाडातून निघाले आहेत. मुलं खांबांना मिठ्या मारायची.

हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. कधीतरी बोलता बोलता सुचलं, सांगून सांगून मलाच खरं वाटू लागलं, मग पुस्तिकेत छापलं.

विजू वास्तुरचनाकार होती. अहमदाबादला शिकली, तिकडेच जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं केली, आणि पन्नाशीच्या आत-बाहेर नाशकात परत आली. आमचे वडील कळवणला प्राथमिक शिक्षक. त्यांच्या लेखी घरातला हुशार मी. विजूबद्दल ते म्हणायचे, हिच्या हातात पुस्तक दिलं तर ही पुस्तकाची शिवण उसवून बघेल. हे सांगताना ते हसायचे, मीही हसायचो. मी अगदी शेवटपर्यंत ते वाक्य सांगून लोकांना हसवत असे.

पालिकेनं सागाच्या घराची दुरुस्ती आणि विस्तार करायचं ठरवलं आणि आराखड्याचं काम विजूला मिळालं. मी वाचनालयात पेढे वाटले. मनापासून वाटले — हे लिहिताना मी स्वतःला दोनदा विचारलं, आणि हो, मनापासूनच.

ती यायला लागली आणि सगळं हळूहळू हललं. ती वाचत नसे. ती भिंतीवर बोटं वाजवायची आणि कान लावायची. दिवाणखान्याच्या भिंतीवर तळहाताएवढा चौकोन आखून तिनं एकेक रंग खरवडून काढला, आणि रंगाच्या अकरा हातांच्या खाली एक पिवळा निघाला — हळदीच्या ओल्या गाठीसारखा. त्याच भिंतीला पाठ टेकून मी इतकी वर्षं बसलो होतो. त्या पिवळ्याबद्दल माझ्याकडच्या एकाही कागदात ओळ नव्हती. लोक यायचे, माझ्या टेबलापाशी थांबायचे आणि विचारायचे, "मॅडम आल्यात का?"

तिच्याबरोबर पेठकडचे एक म्हातारे सुतार असायचे, सावळामामा. एक दिवस मी सातवीच्या मुलांना पडवी दाखवत होतो आणि विजू, मामा, पालिकेचे अभियंता तिथेच मोजमाप घेत होते. मी नेहमीसारखं एकाच झाडाचं सांगितलं. मामांनी खांबाला नख लावलं, वास घेतला.

"मास्तर, चार खांब एका हातचे, चार दुसऱ्या हातचे. सांधे बघा ना, लय फरक हाय. अन् एका झाडाचे आठ? एवढं झाड आमच्याकडं असतं तर आम्ही त्याला शेंदूर लावला असता, तोडलं नसतं!"

अभियंता हसले, मुलं हसली. विजूही हसली. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलांना म्हणाली, "पण दादाची गोष्ट छान आहे की नाही?"

गोष्ट. मी दिवसभर तो शब्द घेऊन बसलो. तिनं मला वाचवायला म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय झालं? मत्सराला सगळं कळतं. तिच्या हातावरची चुन्याची भेग मला दिसायची, तिची पाठ दुखते हे दिसायचं, ती किती मन लावून काम करते ते दिसायचं, आणि यांतल्या एकेका गोष्टीचा मला राग यायचा.

तिचा आराखडा साधा होता. घराला हात लावायचा तो फक्त चुन्याचा आणि लाकडाचा. पडवी आणि आठही खांब जागेवर. नवीन अभ्यासिका घराला न चिकटवता मागच्या आवारात वेगळी उभी करायची, मधे अंगण सोडायचं. पोरं पडवीत बसून डबा खातील, असं ती म्हणायची.

एका रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. जेवण झाल्यावर म्हणाली, "दादा, एकच घोळ आहे. मागच्या आवारात पूर्वी विहीर होती, बुजवलीय. नेमकी कुठे ते कुणाला माहीत नाही. माझ्या अभ्यासिकेच्या पायाखाली आली तर संपलंच. तुझ्या दप्तरांत बघशील? अजून कुणाला बोलले नाहीये, मामा सोडून."

मी म्हणालो, बघतो.

बघायची गरज नव्हती. तो कागद माझ्याकडे होता. विहीर बुजवताना कुणा ओव्हरसियरनं शाईनं काढलेला आवाराचा नकाशा, हातांचं माप घातलेला. तो मला अकरा वर्षांपूर्वी एका दप्तरात सापडला होता, आणि पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत काहीतरी नवं असावं म्हणून मी तो बाजूला काढून ठेवला होता. दुसरी आवृत्ती निघाली नाही. कागद माझ्या कपाटात राहिला. त्याच्यावरून स्पष्ट दिसत होतं की विहीर विजूच्या पायापासून पुष्कळ लांब आहे.

त्या घराबद्दल मला माहीत असलेली आणि तिला माहीत नसलेली तेवढी एकच गोष्ट उरली होती. पुढच्या रविवारी तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाही गं सापडलं."

इथेच थांबलो असतो तरी पुष्कळ झालं असतं. मी थांबलो नाही.

आराखडा जाहीर झाला आणि हरकती मागवल्या गेल्या. गल्लीतल्या दुकानदारांच्या गाड्या वर्षानुवर्षं मागच्या आवारात उभ्या राहत. शेजारचे भांड्यांचे व्यापारी बापूशेठ चार जणांना घेऊन माझ्याकडे आले. गल्लीतला प्रत्येक अर्ज मीच लिहून देत असे — नळाचा, गटाराचा, दिव्याचा.

"सर, लिहा बरं झकास. ताईंचं काम आहे ते ठाऊक आहे, ताई आपल्याच आहेत. पण आमच्या गाड्या काय डोक्यावर लावायच्या?"

मी नाही म्हणू शकलो असतो. माझी सख्खी बहीण आहे एवढं म्हटलं असतं तर ते चहा पिऊन गेले असते. मी कागद पुढे ओढला. गाड्यांचा मुद्दा लिहिला. तो कमकुवत होता, ते मला दिसत होतं. मग पेन थांबवून मी बापूशेठना म्हणालो, अजून एक मुद्दा घालू का? आणि लिहिलं — सदर आवारात बुजवलेली विहीर असून तिच्या स्थानाचा आराखड्यात कोठेही उल्लेख नाही. अशा जागी सार्वजनिक इमारत बांधणे धोक्याचे आहे.

"अरे वा," बापूशेठ म्हणाले, "हे तर आम्हालाच माहीत नव्हतं!" खाली सह्या त्यांच्या झाल्या.

चार दिवसांनी विजू हरकतीला उत्तर लिहून माझ्याकडे घेऊन आली. "दादा, भाषा बघून दे ना. तुझ्यासारखं मला लिहिता येत नाही." मी तिच्यासमोर बसून तिचं उत्तर नीट करून दिलं. दोन वाक्यं जोडली, एक तोडलं. कपाट माझ्या पाठीमागे होतं.

सुनावणीला मी मागच्या रांगेत बसलो होतो. पालिकेच्या समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, विहीर आहे का? विजू म्हणाली, आहे. कुठे? ती म्हणाली, माहीत नाही. तिला खोटं बोलता येत नसे. खड्डे घेऊन शोधता आलं असतं, पण सिंहस्थाच्या आधी सगळी कामं हातावेगळी करायची होती, तेवढी सवड नव्हती. ती म्हणाली, "कागद शोधले, मिळाले नाहीत. वाचनालयाचे ग्रंथपाल माझे भाऊ आहेत, ते इथेच आहेत. त्यांनी सगळी दप्तरं पाहिली आहेत." आणि ती वळली. सगळे वळले.

मी मान हलवली.

एवढंच. हेच मला सांगायचं होतं, ह्याच्याभोवती मी आठ दिवस फिरतो आहे. बोलावंसुद्धा लागलं नाही. होकारार्थी, दोनदा, एखाद्या विचारी माणसासारखी मी मान हलवली.

समितीनं तिचा आराखडा बाजूला ठेवला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्यापुढे जे होतं त्यावर त्यांनी ठरवलं. नवी अभ्यासिका घराला चिकटून बांधायची, म्हणजे आवारात पाया घ्यावा लागणार नाही, असं ठरलं. त्यासाठी मागची पडवी उतरवावी लागणार होती. काम दुसऱ्या सल्लागारांकडे गेलं.

परत येताना आम्ही रिक्षात होतो. शालिमारपाशी गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा विजू म्हणाली, "विहिरीचं त्यांना कसं कळलं असेल रे?"

मी म्हणालो, "गल्लीत जुनी माणसं आहेत."

"हो," ती म्हणाली, "असतील." मग माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. मला वजन होत असेल, म्हणून.

तिला कळलं होतं का? हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलं आहे, की आता प्रश्न झिजून गेला आहे. कळलं नव्हतं असं धरलं तर मी तिला शेवटपर्यंत फसवलं. कळलं होतं असं धरलं तर ती दर रविवारी जेवायला येत राहिली. दोन्हींतलं बरं कुठलं, ते मला ठरवता येत नाही.

पडवी उतरवली त्या दिवशी ती आली नाही. मी होतो. मी कामावरच होतो, कुठे जाणार? सावळामामा आले होते. कुणी बोलावलं नसताना आले आणि प्रत्येक खांबावर पटाशीनं खूण करून देत होते, म्हणजे पुढेमागे कुणाला उभे करायचे झाले तर क्रम चुकू नये. माझ्याशी ते बोलले नाहीत. त्यांना काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कामात होते, एवढंच. पण मी त्यांच्यासमोर उभा राहू शकलो नाही. आत जाऊन पुस्तकं लावत बसलो. आधीच लावलेली.

त्याच महिन्यात मला आतून कसं वाटलं तेही सांगायला हवं, नाहीतर ही कबुली अर्धी राहील. मला बरं वाटलं. दुःखाच्या खाली, त्या भिंतीतल्या रंगासारखं, अगदी तळाशी — बरं वाटलं. आता लोक पुन्हा मलाच विचारतील, असं वाटलं. आणि लोकांनी विचारलंही. मी त्यांना पिवळ्या रंगाबद्दल सांगायचो. कुणी शोधला ते सांगायचो नाही.

विजूनं तिच्या नामंजूर आराखड्याची एक बांधीव प्रत वाचनालयाला दिली. दाखलनोंद मीच केली, शिक्का मीच मारला. तेव्हा उघडून बघितली नाही. ती गेल्यानंतर, सुतक फिटल्यावर, मी जाऊन ती प्रत काढून वाचली. एकशे बारा पानं, एकही शब्द सजवलेला नाही. आवाराच्या प्रकरणात एक वाक्य आहे: "विहिरीच्या जागेचा कागद कसून शोधूनही उपलब्ध झाला नाही." त्याला तळटीप आहे. तळटिपेत आधार म्हणून माझं नाव आहे.

जन्मभर मी लोकांना सांगत आलो, की तळटीप वाचा, माणूस खरा आहे की नाही ते तिथे कळतं.

तिच्याकडे मी माफी मागणार नाही. मागायला ती नाही, आणि असती तर तिनं लगेच दिली असती, आणि ते मला चाललं असतं — म्हणून तर नकोच. तुमच्याकडूनही काही नको. समजून घ्या, असंही म्हणत नाही.

सागाचं घर आहे. अभ्यासिका भरलेली असते. आठही खांब पालिकेच्या गोदामात आडवे आहेत, मामांच्या खुणांसकट. मी निवृत्त झालो. कागद गेल्या सोमवारी वाचनालयात नेऊन दिला. नव्या ग्रंथपालानं पोच दिली आणि कुठे ठेवू असं विचारलं. मी तो विजूच्या प्रतीत, त्या पानावर ठेवायला सांगितला. विहीर आवाराच्या ईशान्य कोपऱ्यात आहे, कुंपणापासून सहा हातांवर.