झाकणाच्या आतला कागद

आमच्या घरात एखादं यंत्र बिघडलं की मुलं आधी मला काहीतरी निमित्त काढून बाजारात पाठवतात आणि मग मेकॅनिकला बोलावतात. मी समोर असलो की त्याला काम करता येत नाही. ‘याचा सर्किटचा कागद कुठाय? पेटीबरोबर का दिला नाही? उघडता येत नाही ती वस्तू आपली कशी म्हणायची?’ असं माझं सुरू होतं. बायको म्हणते, “तुमचं भाषण ऐकून पंखासुद्धा कंटाळून फिरायला लागेल.” अजून एकही लागलेला नाही.

या भाषणाचा जन्म भिवपुरीचा. मी तेव्हा वीजघरात वायरमन होतो, क्वार्टर्समध्ये राहत होतो, लग्न व्हायचं होतं, आणि रेडिओचं वेड अंगात शिरलं होतं. रेडिओ ऐकायला तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागे. मी स्वतः जोडलेल्या सेटचं लायसन काढायला गेलो, तर खिडकीमागच्या पोस्टमास्तरांनी विचारलं, “मेक कोणता?”

“मीच.”

“मीच? ही कुठली कंपनी?”

“कंपनी नाही. मीच केलाय.”

त्यांनी चष्मा काढून मला नीट बघून घेतलं. फॉर्मवर माणूस लिहायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी ‘लोकल’ लिहिलं, आणि मी वर्षभर सगळ्यांना सांगत सुटलो की या देशाच्या कायद्यात करणाऱ्याला जागा नाही, फक्त विकणाऱ्याला आहे.

रविवारी मी कर्जतला स्टेशनाजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचो. दुकानदाराला सगळे मास्तर म्हणत. जे काही येतं ते मी त्यांच्याकडे बघून बघून शिकलो. बघून बघून म्हणायचं कारण, सांगायचे ते काहीच नाहीत. सेट जोडून झाला की मास्तर ब्लेडनं ट्रान्झिस्टरवरचे नंबर खरवडून टाकत. मग जुन्या सेलच्या तोंडावरचं काळं डांबर वाटीत वितळवून त्या सगळ्यावर ओतत. आत काय आहे ते कुणाला कळू नये, म्हणून.

“मास्तर, उद्या हा बिघडला तर?”

“तर माझ्याकडंच येईल ना.”

माझ्या डोक्यात तिडीक जायची. आणीबाणीचे दिवस होते. कॅन्टीनमध्ये मी म्हणायचो, वरपासून खालपर्यंत सगळीकडे डांबरच ओतलंय, आत काय चाललंय ते बघायची सोय नाही. शेजारचा फिटर टेबलाखालून माझा पाय दाबायचा. “हळू रं. तुझी नोकरी जाईल ती जाईल, माजा चहा कशाला सांडतोस?” मी आवाज खाली करायचो, पण पाय हलवत राहायचो. एका जागी बसवायचंच नाही मला त्या दिवसांत.

माझ्या थोरल्या बहिणीचं घर वीजघराच्या खालच्या अंगाला, तासाभराच्या वाटेवर. दाजी खोपोलीला कारखान्यात, त्यामुळे शेती ताईच बघायची. वीजघरातून सुटलेलं पाणी पाटानं खाली येई आणि त्यावर ती उन्हाळी भात करी. पाण्याची पाळी आठ दिवसांनी. दिवस ठरलेला, पण पाणी नेमकं कधी येईल ते सांगता येत नसे. आलं की लगेच फळी काढून आपल्या शेताची मोरी उघडायची, नाहीतर पाणी पुढं निघून जातं आणि खालचे लोक ते घेतात. म्हणून पाळीच्या दिवशी ताई सकाळपासून पाटावर उन्हात बसून राही.

मी तिला घंटा करून दिली. दोन उघड्या तारा पाटात सोडायच्या. पाणी चढून दोन्हींना लागलं की तेवढ्यानं ट्रान्झिस्टर जागा होतो, एक रिले, म्हणजे चुंबकाचा छोटा स्विच, ओढला जातो आणि पडवीत टांगलेल्या चहाच्या डब्यातली घंटा वाजते. फार काही नव्हतं. पण पहिल्यांदा वाजली तेव्हा ताई भाकरी तव्यावर टाकून धावली, आणि परत आल्यावर करपलेली भाकरी मला वाढून म्हणाली, “खा. तुज्यामुळं करपली, तुलाच.” तिच्या तोंडून एवढं कौतुक मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

डब्याच्या झाकणाला आतून मी सर्किटचा कागद चिकटवला होता. प्रत्येक भागाचा नंबर, किंमत, कुठं मिळेल ते. आजूबाजूच्या गावांतून लोक मागायला लागले. मी प्रत्येकाला डबा करून दिला आणि प्रत्येकात कागद चिकटवला. बघा, उतरवा, करा, बदला. हवा कुणाच्या मालकीची असते का, असं वर एक वाक्यही ऐकवायचो.

मग एका रविवारी मास्तरांच्या दुकानात फळीवर सहा डबे ओळीनं दिसले. वर रंगानं दुकानाचं नाव. एक उघडला. आत डांबर.

“मास्तर, हे माझं आहे.”

“तूच म्हणालास ना, उतरवा म्हणून? उतरवलं.”

“पण डांबर?”

“ते माझं.”

मी रजा टाकून खालापूरच्या कोर्टात गेलो. ओळखीचे एक वकील होते, त्यांचा काळा कोट उन्हापावसानं हिरवट झालेला. झाडाखालच्या बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकलं.

“पेटंट घ्यायचंय?”

“घ्यायचं नाही. पटत नाही मला ते. पण त्यांना अडवायचंय.”

“अडवायला पेटंट लागतं. आणि पेटंट घ्यायचं तर यंत्राची सगळी माहिती सरकारकडं उघडी लिहून द्यावी लागते. लपवून मिळत नाही. आता सांगा, तुमचा कागद किती लोकांनी पाहिलाय?”

“पुष्कळ. मोजले नाहीत.”

“मग संपलं. आता तुम्हाला मिळणार नाही, आणि त्यालाही नाही. ते सगळ्यांचं झालं.”

म्हणजे गेली दोन वर्षं मी घसा फोडून जे मागत होतो ते कायद्यानं मला एका वाक्यात दिलं होतं. मी पेढे वाटायला हवे होते. त्याऐवजी परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी चौकपर्यंत मास्तरांशी मनातल्या मनात भांडलो आणि चौकनंतर वकिलांशी.

त्यातच ताईचा जुना डबा गंजला. तिच्यासाठी नवा करायला घेतला आणि तेव्हा कळलं की तिच्या शेजारच्या बांधापलीकडच्या चुलत दिरानं जुन्या डब्यातला कागद कधीतरी उतरवून नेला होता आणि स्वतःची घंटा केली होती. त्याच्यात आणि ताईत बांधावरून दोन वर्षं बोलणं नव्हतं. आता हाही! निदान एका शब्दानं विचारायचं! मी ब्लेड घेतलं, नंबर खरवडले. डांबर वितळवलं. ओतलं. झाकणाच्या आत कागद लावला नाही.

ताईनं डबा उघडून बघितला. “ह्यात काळं काय रं?”

“ओल लागू नये म्हणून.”

“उन्हाळ्यात?”

मी डबा पडवीत टांगायला घेतला.

एप्रिल सरत आला तशी घंटा वेड्यासारखी करायला लागली. पाट कोरडा, तरी दुपारी वाजायची. ताई उन्हातून पाटावर जायची आणि हात हलवत परत यायची. तिसऱ्या खेपेला तिनं तार उपटून टाकली. कारण मला ऐकताक्षणी कळलं. त्या जातीचा ट्रान्झिस्टर तापला की आपोआपच थोडाथोडा चालू होतो, आणि पडवीच्या पत्र्याखाली मी त्याच्या अंगावर काळं डांबर घालून त्याला दिवसभर तापत ठेवला होता.

पुढच्या पाळीच्या दिवशी मी सकाळीच गेलो. भात पोटरीत आलं होतं. कणसं बाहेर पडायच्या बेतात, आणि जमिनीला भेगा. ही पाळी चुकली तर आणखी आठ दिवस ते तग धरणार नव्हतं. ताई म्हणाली, “तू पाटावर बस. मी बांधाची खेकड्याची भोकं बुजवून घेते, नायतर आलेलं पानी सगळं गळून जाईल.”

“बसायचं कशाला? अर्ध्या तासात घंटा नीट करतो.”

“नक्की?”

“ताई, मी केलीय ती.”

तिनं माझ्यावर विश्वास टाकला आणि फावडं घेऊन शेताच्या पार खालच्या टोकाला गेली. तिथून पाट दिसत नाही.

मी डबा उतरवला. डांबर स्क्रूड्रायव्हरनं फुटेना. सळई तापवून लावली तर ते वितळून रिलेत शिरलं. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मी उठायचो, दारातून पाटाकडं बघायचो, पाच मिनिटांत होईल म्हणून परत बसायचो. शेवटी ट्रान्झिस्टर हाती लागला. त्याला जरासा हलवला आणि त्याचा पाय मुळापासून तुटून माझ्या चिमटीत आला. नव्या डब्यात हाताला लागेल तो घातला होता, म्हणून दुसरा कुठला चालेल ते बघायला नंबर शोधला. तो मीच खरवडला होता. झाकणात कागद बघितला. तोही मीच लावला नव्हता.

तेवढ्यात घंटा वाजली.

मी खुळ्यासारखं हातातल्या तुटक्या डब्याकडं बघितलं. आवाज बांधापलीकडून येत होता. दिराच्या घरातून. मी पाटाकडं धावलो. पाणी नुकतंच काड्याकुड्या ढकलत पुढं सरकत होतं. मोरीची फळी सुकलेल्या गाळात घट्ट बसलेली, मला एकट्याला हलेना. ताईनंही आवाज ऐकला होता. लुगडं खोचलेलं, हाताला चिखल, ती धापा टाकत आली, मला बाजूला सारलं आणि फळीला फावड्याचा एक हाबका दिला. पाणी आत वळलं.

बांधावर दीर उभा होता. तो ताईकडं न बघता म्हणाला, “वैनी, ऐकू आली ना?”

“आली,” ताई म्हणाली. तीही पाण्याकडंच बघत होती. दोन वर्षांतलं तेवढंच बोलणं.

“तुमची उन्हात वाजत नाही?” मी विचारलं.

“वाजायची की, पावणं. बंद पडलेल्या रेडिओतले दांडके एकेक लावून बघितले. चौथा लावला, गप झाली. का ते मला नाय म्हाईत.”

मला म्हाईत होतं. तो रेझिस्टन्स मुळात मीच घालायला हवा होता. त्यानं आपला डबा आणून झाकण उघडून दाखवलं. आत कॅलेंडरच्या पाठीवर उतरवलेलं माझं सर्किट, आणि त्यात पेन्सिलीनं त्यानं वाढवलेली एक आडवी रेघ.

“उतरवून घेऊ का?”

“इचारता कशाला? लिवलंय तर.”

खिशात पेन्सिल नव्हती. त्यानंच कानावरची काढून दिली. ताई मागून म्हणाली, “आता काळं नको हां घालूस.” मग थोड्या वेळानं, “आनि ती ओल लागंल म्हनालास ना, ती कुटं लागते ते सांग एकदा.” मी ती आडवी रेघ उतरवून घेतली. भेगांत पाणी शिरताना बुडबुड आवाज येत होता. ती पुन्हा खालच्या टोकाला गेली, भोकं अजून राहिली होती.

पुढच्या रविवारी तिला उघडा डबा नेऊन दिला. आत त्या दिराच्या रेघेसकट नवा कागद. ताईनं आधी झाकण उघडून कागद नीट चिकटलाय का ते अंगठ्यानं दाबून बघितलं आणि मग मला आत बोलावलं.

एक गोष्ट मात्र सांगून टाकतो. दिराच्या कॅलेंडरवर माझं नाव कुठं लिहिलंय का, ते मी त्या दिवशी बघितलं होतं. दोनदा. उलट बाजूसुद्धा.