प्याल्यावरचा रुमाल

माझी धाकटी जाऊ दुकानांच्या पाट्या रंगवते. घरात तिला सगळे पेंटरबाई म्हणतात, आणि सासूबाई ते अशा थाटात म्हणतात, जणू डॉक्टरीणबाईच. तिच्या वडिलांचा हात थरथरायला लागला तेव्हा ती शाळेत होती. ते अक्षरं आखून द्यायचे, ही भरायची. त्यांच्या माघारी शिडी आणि गिऱ्हाइकं दोन्ही हिच्याकडे आली. पाटी लिहायला ती शेवटच्या अक्षरापासून घेते, म्हणजे जागा कमी पडत नाही. भाजीत मीठ घालायचं मात्र तिला ताट वाढल्यावर आठवतं. हे मी हेव्याने लिहिते आहे का? हो. वहीत खोटं लिहायचं नाही असा माझा नेम आहे.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला आहे, चांदीचा, उंच दांड्याचा, आतून सोन्याचा मुलामा दिलेला. एकोणीस वर्षं दर शनिवारी तो मी घासते. टूथपावडर, जुन्या सुती कापडाचा तुकडा, आणि घासून होईपर्यंत तोंडाने स्तोत्र. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. लोकांना ती भक्ती वाटते. ती आहेच, पण सातव्या वर्षी साबणाच्या हातातून प्याला निसटला, मोरीत आपटला आणि काठाखाली अंगठा बसेल एवढा पोचा पडला. मी कुणाला बोलले नाही. त्या जागेवर पांढरा रुमाल गुंडाळून प्याला पुढे केला. तेव्हाच्या पाळकांना वाटलं, स्वच्छतेसाठी असेल. पुढे पाळक बदलले. आताच्या पाळकांना तर ती इथली जुनी रीतच वाटते. तेही रुमालावरच धरतात.

यंदा त्यांच्या मनात आलं की वेदीमागच्या भिंतीवर प्याल्याचं मोठं चित्र हवं. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुमच्या धाकट्या जाऊबाईंचा हात फार चांगला आहे. त्या काढतील. तुम्ही प्याला घेऊन त्यांच्याजवळ बसा."

म्हणजे एकोणीस वर्षं घासायचं मी, आणि भिंतीवर नाव लागणार हिचं. मी हसून "हो" म्हटलं. दाढ दुखत असताना हसावं तसं.

पाळकांनी तिला जुन्या चित्रांचं एक पुस्तक दिलं होतं. पानापानावर प्याले, कुणाभोवती किरणं, कुणाभोवती द्राक्षांचे घड. ती चाळून म्हणाली, "ताई, यातून कुणी प्यायलंय असं वाटतच नाही. सगळे दुकानातले." मग प्याला खिडकीपाशी ठेवला आणि सरळ रुमाल सोडला.

"राहू दे तो," मी म्हटलं. "रीत आहे."

"रुमालाचं चित्र नाही काढायचं मला." तिने प्याला फिरवला. एकदा, दोनदा. पोच्यापाशी थांबली. "ही बाजू."

"ती नको. उजेड येत नाही तिथे."

"उलट तिथेच मोडतोय. चांदीला स्वतःचा रंग नसतो, ताई. शेजारपाजारचा उसना घेते. या खड्ड्यात बघा, खिडकीचे दोन तुकडे झालेत."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी जाऊन प्याला वळवून ठेवला. तिने परत वळवला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी म्हणाली, "तुमचा हात दुखेल." एवढंच. मी वळवायचं सोडलं आणि पोचा भिंतीवर वाढत गेला. वितीएवढा झाला. घरी जेवण जाईना. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, ॲसिडिटी.

शुक्रवारी चित्र पुरं झालं. पाळक आले, सासूबाई आल्या. खरं सांगते, पाहून माझ्याही अंगावर काटा आला. चांदी ओली वाटत होती.

पाळक चित्राजवळ जाऊन म्हणाले, "हा पोचा दाखवलात, ही कल्पना फार मोठी आहे. देव पोचे पडलेल्या भांड्यांतूनच काम करतो. कसं सुचलं तुम्हाला?"

जावेने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग खाली बघत म्हणाली, "सुचलं."

सासूबाईंचे डोळे पाणावले. "गुणाची गं माझी बाई."

तिला ठाऊक होतं. मला वाचवत होती. मी तोंड मिटून राहिले असते तर सगळं निभावलं असतं. पण माझ्या पोच्याची शाबासकी तिला मिळते आहे, हे मला बघवेना.

"सुचलं कसलं," मी म्हटलं, "तो माझा आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्या हातून पडला."

पाळकांनी खिडकीतला प्याला उचलून खऱ्या पोच्यात अंगठा ठेवून पाहिला. "आणि रुमाल?"

"रीत नाही ती. मीच पाडली."

"मी ती शेजारच्या चर्चलाही शिकवली," ते म्हणाले आणि मटकन बाकावर बसले. मग उठून म्हणाले, प्याला कुणाकडे ठेवायचा ते चर्चच्या पंचांना विचारावं लागेल.

रविवारपर्यंत मी जे देवाशी बोलले ते इथे लिहीत नाही. त्या कबुलीत पश्चात्ताप किती आणि हेवा किती, हे त्यालाच ठाऊक.

पंच म्हणाले, प्याला माझ्याकडेच राहील, पण घासायला दोघीजणी हव्यात. दुसरी कोण, हे कुणी विचारलंही नाही.

आज शनिवार. ती आली, पदराला निळा रंग लागलेला. मी कापडाचा तुकडा दिला आणि मुद्दाम दांड्याची बाजू दिली, जिथे काळं निघता निघत नाही. तिने बघता बघता काढलं. मला अर्धा तास लागतो तिथे. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, असं लिहायला मला संध्याकाळ झाली.