सातवी नस

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, त्यामुळे माफी कोणाकडे मागते आहे तेही ठाऊक नाही. पण मागून टाकली की पुढचं लिहायला बरं वाटतं.

वहीच्या पहिल्या पानांवर नावं आहेत. माणसांची नव्हेत, चेहऱ्याच्या स्नायूंची. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी सांगत गेली आणि मी उतरवत गेले. कपाळाला आठ्या घालतो तो फ्रंटॅलिस. डोळ्याभोवती कड्यासारखा बसलेला तो ऑर्बिक्युलॅरिस. गालात वारा धरतो तो बक्सिनेटर. हसताना ओठाचा कोपरा वर ओढतो तो झायगोमॅटिकस. माझ्या उजव्या बाजूचे हे सगळे जागच्या जागी आहेत. फक्त त्यांच्यापर्यंत निरोप नीट पोचत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. आम्ही कोल्हापुरात कळंब्याकडे राहतो. मी एका मेसमध्ये पोरांसाठी भाकऱ्या थापायला जात होते. त्या सकाळी चूळ भरली आणि पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं. शेजारी नवरा दात घासत होता.

"चूळ बी धरवंना व्हय तुला?" तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. माझं हसणं बघून त्याचं हसणं थांबलं.

सासूबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "वारं गेलं हिच्या तोंडावरनं," त्या म्हणाल्या. आमच्यात या दुखण्याला एवढंच नाव होतं. लगेच मलकापूरला नणंदेला फोन लागला. तिच्या सासरच्या गावाजवळ एक आबा पाल्याचं औषध देतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"आत्ताच्या आत्ता घिऊन ये तिला," नणंद सांगत होती. फोन मोठ्या आवाजावर होता. "पर एक ध्यानात ठेव. सुई न्हाय मारून घ्यायची, गोळी न्हाय खायाची. दवाखान्याचं औषध पोटात गेलं की पाला लागत न्हाय."

नवरा म्हणाला, "आदी दवाखान्यात दावूया की. मग जाऊ."

इथे मला खरं लिहायचं आहे. मलकापूरला जाऊ असं मी म्हणाले. सासूबाईंनी नाही, नणंदेनं नाही, मी. दवाखान्यात रांग असते. रांगेत लोक तोंडाकडे बघतात. मग तरणे डॉक्टर गोळा होऊन बघतात. मला लग्नातसुद्धा कोणी बघितलेलं सोसत नव्हतं. आबांकडे अंधाऱ्या खोलीत ठेवतात, एवढं मी ऐकून होते, आणि मला तेच हवं होतं.

आबा म्हणजे सत्तरीचे शेतकरी. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदाच बघितलं आणि नवऱ्याशी बोलले. "पावणं, तीन हजार ठेवा. चाळीस दिसांत तोंड सरळ न्हाय झालं तर पैसं माघारी. माझ्या बापाचा नेम हाय ह्यो. गुण न्हाय तर पैसा न्हाय."

नवऱ्याला ते पटलं. असं कुठला डॉक्टर म्हणतो?

आठ दिवस मी त्यांच्या मागच्या खोलीत होते. कानामागे वाटलेला पाला बांधलेला, डोक्याभोवती फडकं, खिडकीला पोतं. आरसा नाही. आबांची सून सकाळ-संध्याकाळ पेज आणून द्यायची आणि मान वळवून जायची, कारण रोग्याचं तोंड बघायचं नाही असाही त्यांच्यात नेम होता. ते आठ दिवस मला बरे गेले हे लिहायला लाज वाटते, पण गेले. लग्नानंतर पहिल्यांदा कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि मी कोणाच्या भाकऱ्या थापत नव्हते.

उजवा डोळा मात्र मिटत नव्हता. झोपले तरी उघडाच राहायचा. घरी येईपर्यंत तो लाल झाला, मग त्यातून पाणी आणि घाण यायला लागली, आणि त्या डोळ्यासाठी आम्हाला मोठ्या सरकारी दवाखान्यात जावंच लागलं.

तिथल्या डॉक्टरबाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, पट्टी लावली, मग विचारलं, "तोंड वाकडं होऊन आज कितवा दिवस?"

"बारावा," नवरा म्हणाला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. कागदावर एक चेहरा काढला, कानामागे एक भोक काढलं आणि त्या भोकातून पाच फांद्या. ही सातवी नस, म्हणाल्या. फेशियल नर्व्ह. मेंदूतून निघते आणि हाडातल्या बारीक बोळातून बाहेर येते. ती सुजली की बोळात चेपते. दुखण्याचं नाव बेल्स पाल्सी. सूज उतरवायच्या गोळ्या असतात, पण त्या पहिल्या तीन दिवसांत सुरू कराव्या लागतात.

"तवा आलो असतो तर बरं झालं असतं?" नवऱ्यानं विचारलं.

"तसं ठामपणे सांगता येत नाही. बरेच जण गोळ्यांशिवायही बरे होतात. काही जण गोळ्या घेऊनही होत नाहीत. पण संधी जास्त होती."

त्या ठाम बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ठाम दोष एकदाच लागतो. हा रोज थोडा थोडा लागतो.

त्यांनीच सांगितलं की पाचवी नस वेगळी. पाचवी कळवते, सातवी हलवते. माझी पाचवी शाबूत आहे. म्हणजे उजव्या गालावर माशी बसली की मला तिचे पाय कळतात, पण गाल हलवून तिला उडवता येत नाही.

मग व्यायाम सुरू झाले. आरशासमोर बसून ई म्हणायचं, ओ म्हणायचं, गाल फुगवायचे. जन्मात आरशात बघितलं नव्हतं तेवढं मी त्या महिन्यांत बघितलं. मेस सुटली. मालकीणबाई म्हणाल्या, "पोरं जेवताना बघत्यात गं, तुलाच वंगाळ वाटंल." मी पदर ओढून घरी आले. त्या खोटं बोलत नव्हत्या.

चाळीस दिवस झाले त्या आठवड्यात आबा एसटीनं कोल्हापूरला आले. आम्ही बोलावलं नव्हतं. उंबऱ्याच्या आतच बसले, मला उजेडात उभं केलं आणि म्हणाले, "हस बघू, पोरी."

मी हसले. डावीकडे गेलं, उजवीकडे काही नाही.

त्यांनी टोपीत घडी करून ठेवलेली पाचशेची नोट काढली आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. "बाकीचं म्हशीच्या पेंडीत गेल्यात. जमंल तसं आणून देतो."

"राहू दे वं आबा," सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे कसं? नेम हाय माझा."

असे ते दीड-दोन महिन्यांनी येत राहिले. बाजाराच्या दिवशी, हातात पिशवी. दर वेळी चहाच्या आधी तेच, हस बघू. मी हसायची, ते बघायचे, आणि नोट ठेवायचे. नवरा गमतीनं म्हणायचा, "आबा, तोंड बघायला पैसं द्यायाची रीत नव्या नवरीसाठी असतीया." आबा हसायचे नाहीत. मी मात्र त्यांची वाट बघायला लागले होते. नोट बाकी आहे तोवर त्यांचं औषध संपलं नाही, असं मला का वाटायचं कोण जाणे.

चौथ्या नोटेनंतर एका सकाळी ओ म्हणताना माझा उजवा डोळा बारीक झाला. मी पुन्हा ओ म्हणाले. पुन्हा झाला. मी सासूबाईंना हाक मारली, त्यांनी देवापुढे साखर ठेवली. आबा आले तेव्हा त्यांनी सांगायच्या आधीच मी उजेडात जाऊन उभी राहिले आणि ओ म्हणाले.

"हललं की," आबा म्हणाले. त्यांनी काढलेली नोट पुन्हा टोपीत ठेवली. "आता पैसं न्हाय दिणार. आता गुण येणार." जाताना पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दवाखान्याच्या पुढच्या खेपेला मी डॉक्टरबाईंना ओ म्हणून दाखवलं. त्यांनी दोनदा करायला लावलं. मग त्याचंही नाव सांगितलं, मी ते वहीत लिहून घेतलं. सिनकायनेसिस. नस पुन्हा वाढली, पण फांद्या चुकीच्या जागी गेल्या. ओठाकडे जायची ती डोळ्याकडे गेली. म्हणून तोंड हललं की डोळा मिटणार. जेवताना घास चावला की मिटणार.

"म्हणजे बरं होतंय न्हवं?" मी विचारलं. तिथे मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असेल.

"जेवढं यायचं होतं तेवढं आलंय," त्या म्हणाल्या. "जास्त ताण देऊन ओ म्हणू नका आता. वाढेल ते."

आता जेवताना मी भिंतीकडे तोंड करून बसते. नाहीतर पाहुण्यांना वाटतं, ही डोळा मारते.

आबांना हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. नवऱ्याला तसं म्हणालेही. पण आबा आल्यावर त्याच्या तोंडून गेलंच. "आबा, ते गुण न्हवं. नस चुकून जुळलीया. आता हाय हे असंच ऱ्हाणार म्हणाल्यात."

आबांनी माझ्याकडे न बघता चहा बाजूला सारला. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्यात दोन नोटा होत्या, गेल्या वेळची आणि या वेळची. दोन्ही सरळ करून त्यांनी सासूबाईंच्या नाही, माझ्या हातात दिल्या.

मी उजेडात जायला उठले होते. त्यांनी हस म्हटलं नाही. "तीन हजार झालं, पोरी," म्हणाले, पिशवी उचलली आणि एसटी गाठायला गेले.