गयाआत्याच्या हाकेचे तुकडे

गयाआत्या गेली हे सांगायला मारुतीचा फोन आला, तेव्हा मी हिंगोलीत माझ्या खोलीवर लग्नाच्या एका गाण्याचं संगीत जुळवत होतो. मारुती तिचा मुलगा, माझा आतेभाऊ. "दादा, आई गेली," एवढंच बोलला... मागं मेंढरं ओरडत होती. मी साखऱ्याला, आत्याच्या गावी पोचलो तरी ओरडतच होती.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे सांगायला मला आवडतं. आत्यालाही आवडायचं, फक्त ती सांगताना हसायची. मागच्या उन्हाळ्यात मी तिची मेंढरांना बोलवायची हाक मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि संगणकावरच्या सिंथेसायझरमध्ये घातली. हे सॉफ्टवेअर आवाजाचे एकेका लाटेएवढे बारीक तुकडे करतं. पडद्यावरचा नॉब फिरवून तुकडा निवडला की तोच फिरून फिरून वाजत राहतो, हव्या त्या सुरात. मी सगळ्यांत जोरकस तुकडा निवडला, त्याचा भरदार आवाज तयार केला आणि लॅपटॉप घेऊन थेट कळपापुढं उभा राहिलो. एकाही मेंढीनं मान वर केली नाही.

"कालिजात शिकलेलं पोरगं आलंय, मेंढरायनं रामराम तरी घालावा का न्हाई!" आत्या म्हणाली.

"आत्या, तुझाच आवाज हाय हा."

"व्हय? मग मलाच कसा वळखू येऊन न्हाई राहिला?"

मग तिनं बसल्या जागी हाक दिली, आणि चरणारा सगळा कळप तिच्याकडं तोंड फिरवून चालू लागला.

ती गेल्यावर कळप मारुतीच्या मागं जाईना. तो "ह्योऽऽ" करत आवाज चढवत न्यायचा, घसा बसायचा. मेंढरं निघायची आणि आत्याच्या खाटेपाशी जाऊन थांबायची. "अमावस्येपर्यंत बघतो दादा, न्हाई तर विकून टाकतो," तो म्हणाला. "आईनं जल्मभर सांभाळलेला कळप माझ्या हातनं रानात हारपायचा."

मी ती हाक पुन्हा उघडली. या वेळी एक तुकडा नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे, नॉब अगदी सावकाश फिरवत... आणि थक्क झालो. सूर जागचा हलत नव्हता! हाकेच्या शेवटी ती आवाज चढवते असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं. ती चढवत नव्हती, ओठ मिटत आणत होती. दोन सेकंदांत आवाज उघड्या तोंडातून नाकात, नाकातून पार छातीत उतरत होता. मी फिजिक्सचा बी.एस्सी.; जन्मभर जे कानावर पडलं ते ऐकू यायला मला यंत्र लागलं. मेंढरांना लागलं नव्हतं.

मारुतीला लॅपटॉपपुढं बसवलं. "वरडू नको. सूर तिथंच धर, व्हट हळूहळू मीट."

त्यानं ऐकलं. ओठ मिटत एकदा करून पाहिलं. "दादा, लेकरू निजवताना आई असंच करायची की."

अमावस्येच्या दोन दिवस आधी सकाळी त्यानं हाक दिली आणि रानाकडं तोंड करून चालायला लागला. मानसुद्धा वळवेना.

"दादा, मागं बघू का?"

"नको बघू. येऊन राहिली."

ती हाक मी कुठल्याच गाण्यात वापरलेली नाही. रोज काम सुरू करण्याआधी नॉब एकदा डावीकडून उजवीकडं फिरवतो. शेवटच्या तुकड्यात आत्याचे ओठ मिटलेले असतात, आणि आवाज चालूच असतो.