मामांचा जड हात

माझ्या मामांनी ज्याचं अंग चोळलं नाही असा माणूस आलापल्लीपासून चांद्यापर्यंतच्या मुलखात त्या काळी कोणी उरला असेल, असं मला वाटत नाही. मामा आलापल्लीच्या सागवान डेपोत नोकरीला होते. तोडून आणलेल्या लाकडांवर सरकारी छापाचा हातोडा मारायचा, एवढंच त्यांचं काम. पण ती नोकरी त्यांनी पोटापुरती धरली होती, खरा जीव मालिशीत. समोरचा माणूस चालतो कसा, बसतो कसा, मान कोणत्या बाजूला धरतो, हे ते आधी पाहत आणि मग त्याची खुशाली विचारत. मी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की मोटारीतून उतरायच्या आतच खालून प्रश्न यायचा, "काऊन रे भाचा, खांदा असा काऊन धरून राह्यला?" त्यावर काही नाही म्हणायची सोय नव्हती. पिशवी ओट्यावर टेकते न टेकते तोच अंगातला सदरा निघालेला असे आणि पाठीवर टोरीच्या तेलाची धार पडलेली असे. टोरी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल अंगाला उत्तम. वासाबद्दल मात्र मी घरचा माणूस म्हणून गप्प बसतो.

हात असा जड, की मालीश घेणारा माणूस आपले आजवरचे अपराध आठवू लागे. मोटारीचा ड्रायव्हर कंबर धरून उतरला, तर मामा त्याला झाडाखाली पालथा घालीत आणि सगळे उतारू मुकाट्याने मोटारीत बसून राहत. बोलणार कोण? बोलणाऱ्याचा नंबर पुढचा. डेपोतले बैलही त्यांच्या हातून सुटले नव्हते. "मानूस काय अन् बैल काय, गाठ सुटली पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. एकदा नागपूरहून तपासणीला आलेल्या साहेबांचा पाय मुरगळला. मामांनी तो असा काही ओढला, की साहेबांची आरोळी ऐकून नदीवरच्या बायका वर आल्या. पाय बरा झाला हे खरं. पण त्या साहेबांनी पुढची तपासणी नागपुरात बसूनच उरकली.

या उत्साहाला एकदा गालबोट लागलं. डेपोतल्या एका कारकुनाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि तो घरी येऊन पडला. मामा भेटायला गेले, ते खिशात बाटली घेऊनच. पोट कडक पडलंय, जरा मोकळं करून देतो, म्हणाले. कारकून भिडस्त. शेवटी टाका उसवला आणि त्याला लाकडाच्या ट्रकमधून परत दवाखान्यात न्यावं लागलं. तो वाचला, पण त्याच्या बायकोने मामांना पाहिलं की दार लावून घ्यायचं व्रत धरलं. मामा मात्र हरले नाहीत. "टाकाच कच्चा होता," एवढं बोलून त्यांनी डॉक्टरवर ढकललं.

साऱ्या मुलखाचं अंग असं तेलाने निथळत असताना एकच माणूस कोरडं राहिलं होतं. ती म्हणजे आमची मामी. दळण, पाणी, शेण, सरपण सगळं करून तिची पाठ दुखत नसेल असं कसं म्हणावं? पण बायकोचं अंग चोळणाऱ्या नवऱ्याला गाव हसलं असतं. मामांना ते कधी सुचलं नाही आणि मामीने कधी म्हटलं नाही. मालीश घ्यायला आलेल्यांसाठी ती चहा करून आणी, बाटलीत तेल भरून ठेवी, आणि आत जाई.

मग मामीच्या छातीत गाठ निघाली. मी तेव्हा चांद्याला मास्तर होतो, म्हणून तिला माझ्याकडे आणलं. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून गाठ काढली, आणि तिच्याबरोबर काखेतल्या लहान गाठीही. बाई बोलायला फटकळ होत्या. मामा खाटेजवळ गेले तेव्हा त्यांच्या खिशातल्या तेलाचा वास त्यांच्या आधीच पोचला होता. बाईंनी बाटली काढून घेतली. "भाऊ, जखम पुरती भरू द्या. ताप नको, लाली नको. आणि मी हो म्हणेपर्यंत हात खिशात."

हात खिशात ठेवणं मामांना जमणारं नव्हतं. ते व्हरांड्यात बसत आणि दुसऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांच्या माना मोडत. तेवढ्याकडे बाईंनी डोळेझाक केली. पण एके दिवशी ऑपरेशन होऊन बरेच दिवस पडून असलेला एक गडी लंगडत बाहेर आला, म्हणाला, पोटरी सुजली आहे, दुखते आहे. मामांनी पाय मांडीवर घेतला तोच बाई आतून ओरडल्या, "सोडा तो पाय!" मग जवळ येऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीत कधी रक्ताची गुठळी धरते. ती चोळली, सुटली, फुप्फुसात गेली, तर माणूस जागीच जातो. मामांनी पाय अलगद खाली ठेवला. बराच वेळ ते आपल्या तळव्यांकडे पाहत होते. घरी येताना मला म्हणाले, "भाचा, टाका कच्चा नव्हता रे. मीच आडदांड." आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना हार मानताना पाहिलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

जखम भरली. मामी माझ्या घरी आली, हिंडूफिरू लागली. मामांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तिचा त्या बाजूचा हात सुजायला लागला. बाई म्हणाल्या, काखेतल्या गाठी काढल्या म्हणजे अंगातलं पाणी वाहून जायची वाट अरुंद होते, ते हातात साचतं. हात उंच ठेवा, जपा, काटा-कुसळ लागू देऊ नका. पण घरात बाईमाणूस जपून राहिलंय कधी? भाजी निवडताना कुठेतरी ओरखडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मामीला हुडहुडी भरली, आणि पाहतो तो हात मनगटापासून दंडापर्यंत लालबुंद, तव्यासारखा तापलेला.

मामी कण्हत होती. मग तिने मामांकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या संसारात जे कधी मागितलं नव्हतं ते मागितलं. "अवो, जरासा चोळून द्या ना. लय ठसठसून राह्यला."

मामांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. मी दारात उभा होतो. पण हात मध्येच थांबले. "नाई," मामा म्हणाले. "लाल हाय."

"सारं गाव चोळलं तुमी. मलेच नाई म्हन्ता?"

"नाई म्हनलं ना वं!" मामा ओरडले, आणि आपले दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात बाहेर काढला नाही. मग एकदम उठले आणि अनवाणीच दवाखान्याकडे पळत सुटले. मला मामा नेहमीच आवडत. पण त्या दुपारी ते मला जितके आवडले तितके कधीच नाही.

बाई लगेच आल्या. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली, ताप उतरला, लाली गेली. सूज मात्र राहिली. बाईंनी हात उलटसुलट करून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "आता चालेल, भाऊ. पण तुमची मालीश नाही, माझी."

बाईंची मालीश मामांच्या सगळ्या विद्येवर पाणी फिरवणारी होती. तेल नाही. जोर नाही. आधी खांद्याकडचा भाग, मग दंड, मग कोपराखाली. आणि हात फिरवायचा तो नेहमी खांद्याच्या दिशेने. कातडी तेवढी सरकली पाहिजे, मांस दबता कामा नये. "दुधावरची साय सरकवता येते का? फाटू न देता?" बाईंनी विचारलं. मामांनी ते शब्दशः घेतलं. रोज सकाळी ते आमच्या दुधाच्या पातेल्यापुढे उकिडवे बसत आणि बोटाने साय सरकवत. माझ्या बायकोने काही दिवस सोसलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामांना सांगा, हात बसेपर्यंत चहा कोराच प्यावा लागेल." मग सरावासाठी माझा हात कामी आला. सुरुवातीला मी ओरडत होतो. पुढे पुढे कमी ओरडू लागलो. एकदा हात पुढे करून बराच वेळ बसलो आणि म्हणालो, "मामा, करा ना सुरू."

"झालं बी," मामा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी मामीला खिडकीशी बसवलं, तिचा हात उशीवर ठेवला. मी आणि ही आत स्वयंपाकघरात होतो. तिथून ती दोघं दिसत होती. मामा लाजले होते. हातोडा मारणारे ते हात मामीच्या खांद्यावरून फिरत होते आणि एवढाही आवाज नव्हता. मामीने डोळे मिटले. गेले कित्येक दिवस आवळलेला तिचा चेहरा सैल होत गेला. आम्हाला वाटलं झोपली. मग तशीच डोळे मिटून ती म्हणाली, "इतका हलका हात होता तुमचा, तं इतकी वर्सं कुठी ठेवला होता?"

तक्रार नव्हती त्यात. तिला खरंच नवल वाटलं होतं. मामा काही बोलले नाहीत.

हाताची सूज पुरती कधी गेली नाही. पण कमी राहिली. आलापल्लीला परतल्यावर डेपोत जायच्या आधी मामा रोज मामीजवळ बसत. गाव हसलं, आणि हसून हसून थांबलं. अशी काही वर्षं मिळाली त्यांना. मग ती गाठ पुन्हा दुसरीकडे निघाली आणि मामी गेली.

त्यानंतर मी भेटायला गेलो तेव्हा मामांनी माझ्या खांद्याबद्दल काही विचारलं नाही. आम्ही ओट्यावर बसलो. संध्याकाळपर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, "भाचा, तुह्या घरी तिनं मले इचारलं होतं. हलका हात कुठी ठेवला होता म्हून. तू आयकलं ना?"

"हो मामा."

"म्या काईच बोललो नाई तवा. काय बोलाले पाह्यजे होतं रे?"

मी मास्तर. रोज पोरांना उत्तरं सांगणारा. मी मामांचा हात हातात घेतला आणि दिवेलागण होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.