चौथं तोंड

काकांच्या इतकं आयुष्य लॉरीच्या पोटाखाली काढलेला माणूस कुलाबा जिल्ह्यात झाला नाही, आणि दुसऱ्या कुणाबद्दल कोणी तसा दावा केलाच, तर मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढीन. पेणच्या मिठागरांतून मीठ वाहणाऱ्या लॉरीचे ते ड्रायव्हर. त्यांचा चेहरा थोड्यांनीच पाहिला असेल. पाय मात्र सगळे ओळखत. चाकांमधून बाहेर आलेल्या त्या पायांना रामराम घालून लोक पुढे जात, आणि आतून "व्हय" असं उत्तर येई.

त्यांचा जीव शाफ्टच्या जॉइंटांत होता. इंजिनाची फिरकी मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट. रस्ता खाली-वर झाला की त्याला लवू देणारे सांधे म्हणजे हे जॉइंट. मिठाच्या लॉरीत ते बघता बघता गंजतात. इतर ड्रायव्हर आठवण झाली तर ग्रीसगनचे दोन दट्टे मारून मोकळे होत. काका आधी निपल, म्हणजे ग्रीस भरायचं बोंड, पुसत, मग जॉइंटाच्या चारही तोंडांतून जुना काळा ग्रीस निघून नवा पिवळा दिसेपर्यंत सावकाश दाबत राहत. तीन तोंडांतून आला आणि चौथं कोरडं राहिलं, तर लॉरी जागची हलत नसे. काका शाफ्ट पिरगाळीत, हलवीत, तान्ह्याला भरवावं तसं त्या चौथ्याला चुचकारीत. एकदा मालकाचे व्याही अलिबागच्या कोर्टात जायला म्हणून लॉरीत बसून घामाघूम झाले होते. काकांनी खालूनच त्यांना समजावलं, "कोर्ट पुढची तारीख देतं, जॉइंट देत न्हाय."

ड्रायव्हर-क्लीनरांच्या युनियनसाठी मी काढलेली पत्रकं ते आवडीनं घेत. मला वाटे, वाचतात. पुढे कळलं की त्यांना अक्षर येत नव्हतं. आमचा कागद ग्रीस बरा शोषतो, म्हणून घेत.

आठवड्याच्या सुट्टीसाठी आम्ही संप केला, तेव्हा पहिली चावी काकांनी आणून माझ्या हातात ठेवली. आणि दुसऱ्या सकाळी ग्रीसगन घेऊन लॉरीखाली शिरले. मी त्यांच्या पायांशी उभा राहून भांडलो. आतून उत्तर आलं, "संप मालकाशी हाय भाऊ, जॉइंटाशी न्हाय."

मालकाचा मुकादम ते पाय बोटानं दाखवू लागला: बघा, तुमचा सगळ्यांत जुना माणूस कामावर आहे. त्याच दिवशी दोन क्लीनर परतले. माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं, 'मालकाला वंगण लावणाऱ्या गद्दाराला ओळखा.' नाव घातलं नाही. लॉरीखालच्या पायांचा उल्लेख केला. नावाची गरजच नव्हती.

तिसऱ्या दिवशी काका ते पत्रक घेऊन आले. हात स्वच्छ धुतलेले. तसे मी ते प्रथमच पाहिले. यात तुमच्याबद्दल लिहिलंय एवढंच कोणी तरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून हा कागद पुसायला न घेता त्यांनी टोपीत घडी करून ठेवला होता. म्हणाले, "जरा वाचून दावा."

मी वाचलं. म्हणजे कागद समोर धरला आणि तोंडाला येईल ते बोललो: तीन तोंडं भरली म्हणून थांबू नका, चौथं उपाशी आहे का बघा, ही समता आम्हांला एका लॉरी ड्रायव्हरनं शिकवली. मालकापुढे, मामलेदारापुढे मी कधी खोटं बोललो नव्हतो. त्या धुतलेल्या हातांपुढे बोललो. काकांनी पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या खेपेस शब्द थोडे बदलले, पण त्यांची मान डोलतच होती.

इतकं आवडलं की त्यांनी ते चहावाल्याकडून आणखी एकदा वाचून घेतलं. चहावाल्यानं छापलेलं वाचलं.

संध्याकाळी परत आले. रागावले असते तर निभावलं असतं. भांडण मला येतं. घडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुमी वाचलात तोच कागद बरा व्हता, भाऊ. तोच छापायचा व्हता."

सुट्टी आम्ही मिळवली. पहिली सुट्टी यायच्या आधीच काका नोकरी सोडून श्रीवर्धनला बहिणीच्या सुपारीच्या वाडीत निघून गेले. तिथं ते रहाटाला तेल घालत असतील. लॉरी आता दुसराच चालवतो. गिअर टाकला की खालून टक् असा आवाज येतो. चौथं कोरडं आहे, असं मी त्याला सांगितलं, तर तो हसून म्हणाला, काय हो, तुम्हीपण वंगणवाले झालात?

श्रीवर्धनला जायला मी दोनदा निघालो आणि दोनदा परत आलो. माफी कशी मागतात, हे आमच्या एकाही पत्रकात नाही. म्हणून हे लिहिलं. तिकडे कोणाच्या हाती पडलं, तर वाडीतल्या त्या म्हाताऱ्याला वाचून दाखवा. छापलंय तसंच वाचा.