परसातला कोरडा खड्डा

तुमचे आजोबा गेल्यावर एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटला, तेव्हा कुठे मला त्यांची कॅसेट लावायचा धीर झाला. ती त्यांनी तुम्हा नातवंडांसाठी आपल्या जुन्या टेपवर भरली होती. त्यांचा आवाज घरात तेवढाच उरला आहे. "माझ्या पोराहो," एवढं ऐकू आलं आणि स्पीकरमधून हिंदीत धानाचे भाव सुरू झाले. कुठला तरी रेडिओ आत शिरला होता. त्याच्याखाली आजोबा बोलत असावेत, असं मला सारखं वाटत होतं.

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. वही काढली, पान आखलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. कॅसेट काढली, तरी रेडिओ चालूच. म्हणजे दोष कॅसेटचा नाही. आवाज पार खाली आणला, तरी भाव तसेच. स्पीकरच्या तारा आखूड केल्या. थोडा कमी झाला, गेला नाही. आठ दिवसांत तीन पानं भरली.

शेवटी कुडव्याहून विजेचा मिस्त्री आला. त्याने वही चाळली.

"काकू, वही पाहून रेडिओ पळत नाही," म्हणाला, आणि टेपला जोडलेल्या अँप्लिफायरमागची हिरवी तार धरत परसात गेला. तार नळाजवळच्या एका खड्ड्यात उतरली होती. "अर्थिंग सुकून गेली ना! माती ओली नसली की रेडिओ आत शिरतो. इथं पाणी कोण टाकत होतं?"

उन्हाळाभर आंघोळ झाली की आजोबा तिथे बादलीभर पाणी ओतायचे. झाड नाही, रोप नाही.

"मातीला पालवी फुटणार आहे का?" मी ओरडायची.

"फुटली त पहिलं पान तुले."

का ओततात, हे मी कधी विचारलंच नाही.

मिस्त्रीने खड्ड्यात मीठ-कोळसा घातला, दोन बादल्या पाणी ओतलं. धानाचे भाव थांबले. तो गेल्यावर मी दार लावून कॅसेट लावली.

"माझ्या पोराहो," आजोबा म्हणाले.

"आधी तारीख सांगा," हा माझा आवाज. "मग गाव. क्रमाने बोला."

"बरं. मी काय म्हणून राहिलो होतो..."

"तारीख!"

मग नुसती टेपची सरसर.

"राहू दे. मंग सांगतो." आणि बटण खट्कन बंद.

दुसरी बाजूही शेवटपर्यंत ऐकली. कोरी आहे. रेडिओच्या खाली काहीच नव्हतं.

आता रोज सकाळी मी त्या खड्ड्यात बादली ओतते. ही कॅसेट फोनवर भरून तुम्हाला पाठवते आहे. त्यांचे पहिले दोन शब्द ऐका. माझा आवाज सुरू झाला की बंद करा.